ठिपका वर

मामाचा फोन आला तेव्हा मी कामावर होते.

"गेला," तो म्हणाला.

"कोण गेलं?"

"चावा."

मी हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हटलं, "मामा, मागच्याच आठवड्यात बसवून दिला होता."

"हो ना. मग गेला. सायकलचं चाक फिरावं तसं गरगर फिरतंय बोटाने. मी काही केलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो."

हे वाक्य मी मागच्या वेळीही ऐकलं होतं. मामा दातांचा डॉक्टर आहे. त्याचे पेशंट 'मी गोड खात नाही' ज्या आवाजात सांगतात, त्याच आवाजात तो हे सांगतो.

दवाखान्यातून उरलेल्या वेळात मामा हातभर लांबीच्या शर्यतीच्या मोटारी पळवतो. त्यातल्या त्याच्या लाडक्या मोटारीचं इंजिन मुठीत मावेल एवढं आहे. मोठ्या गाडीच्या पिस्टनला कड्या असतात, त्या वायूला निसटू देत नाहीत. या इंजिनात कडी नाही. अंगठ्याच्या पेराएवढा ॲल्युमिनियमचा पिस्टन पितळेच्या नळीत वरखाली होतो. त्या नळीला स्लीव्ह म्हणतात. तिला आतून क्रोमचा पातळ मुलामा असतो आणि ती वरच्या टोकाला अगदी किंचित अरुंद असते, इतकी किंचित की डोळ्याला कधीच दिसणार नाही. त्यामुळे इंजिन थंड असताना पिस्टन वर पोचला की अडकतो, पुढे जायला जोर लागतो. इंजिन तापलं की पितळ पिस्टनपेक्षा थोडं जास्त फुगतं, ही पकड हवी तेवढी सैल होते, आणि तेव्हा कुठे पिस्टन अडकतही नाही आणि वायूही सोडत नाही. थंड असताना ही पकड नसेल, तर तापल्यावर सगळा जोर फटीतून निघून जातो. वरचे दात आणि खालचे दात एकमेकांवर बसतात त्याला मामा चावा म्हणतो, म्हणून यालाही तो चावाच म्हणतो. आता आम्ही सगळेच म्हणतो.

झिजलेला चावा परत आणता येतो. कठीण पोलादाच्या जाड चकतीला मी वर्कशॉपमधून एक निमुळतं भोक पाडून घेतलं आहे. स्लीव्हचं वरचं टोक त्या भोकात ठेवायचं आणि व्हाइसच्या जबड्यात सावकाश दाबायचं. पितळ आकसतं, काही मायक्रॉन. जास्त दाबलं तर पिस्टन जाम, कमी दाबलं तर पालथ्या घड्यावर पाणी. मी मोजमापाची उपकरणं तपासून देणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे हे कितपत झालं ते मला मोजता येतं. मामाने हे काम माझ्या गळ्यात घातलं ते "तू फिजिक्सवाली ना" एवढ्या एका वाक्यावर.

पण हा उपाय कितीही वेळा करता येत नाही. पितळ आकसतं, क्रोम आकसत नाही. ते सोसतं, आणि मग एक दिवस सोलून निघतं. मी त्या स्लीव्हला दोनदा दाबलं होतं. तिसऱ्यांदा काय होईल ते मला सांगता येत नव्हतं. आणि शर्यत रविवारी होती.

*

संध्याकाळी गेले तेव्हा दार मामीने उघडलं.

"आलीस? ये. स्वयंपाकघरात बसलेत. ओव्हनमध्ये परत ते इंजिन शेकायला ठेवलं होतं. काल केक केला तर त्याला इंधनातल्या एरंडेलाचा वास. मी पाहुण्यांना सांगितलं, पोटाला चांगला असतो."

"मामी, मी त्याला सांगितलं होतं की ओव्हन नको."

"तू सांगतेस, मी सांगते. आपण काय, दोन रेडिओ."

मामा टेबलाशी बसला होता. समोर स्वच्छ कापडावर इंजिन, शेजारी दात तपासायचा छोटा आरसा. मी इंजिनाच्या टोकाचं जड चाक, फ्लायव्हील, बोटाने फिरवलं. खरंच गरगर फिरलं. वर कुठे अडखळण्याचं नाव नाही. मागच्या आठवड्यात हेच फिरवायला मला तळहाताचा जोर लावावा लागला होता.

"खरं सांग," मी म्हटलं. "घासलंस ना? दातांच्या त्या पेस्टने?"

"नाही."

"मागच्या वेळी म्हणत होतास, फार कडक झालंय, कण्हतंय बिचारं."

"कण्हतच होतं. रोज सकाळी हलायचंच नाही. हेअर ड्रायरने शेकून शेकून मोकळं करायचो. तुला सांगितलं, तर तू म्हणालीस नवा चावा आहे, कडकच राहणार."

"कडकच राहतो."

"मग कडकच होता. म्हणून काय मी घासतो? पेशंटच्या तोंडात कोणी एवढी घाई केली तर मीच ओरडतो त्याला."

"अहो डॉक्टर," मामी ओट्यापासून म्हणाली, "खरं असेल ते सांगून टाका. पोरगी बस बदलून येते तुमच्यासाठी."

"तूही तिच्या बाजूने?"

"मी केकच्या बाजूने."

मी इंजिन उघडायला घेतलं. तेवढ्यात बेल वाजली आणि चष्मेवाले काका आत आले. नाक्यावर त्यांचं चष्म्याचं दुकान आहे. मामाचे ते शाळेपासूनचे मित्र आणि शर्यतीतले वैरी. एकमेकांना हाक मारताना दोघंही नाव वापरत नाहीत.

"काय दातपाड्या, कसा आहे पेशंट?"

"तुला काय करायचंय भिंग्या? तुला तर बरंच आहे."

"बरं कसलं? क्लबचा तो सेक्रेटरी मला आत्ता रस्त्यात भेटला. म्हणाला, दोन नोंदी नसतील तर वर्गच नाही."

हे मला माहीत नव्हतं. क्लबच्या शर्यतीत जुन्या इंजिनांचा एक वेगळा वर्ग असतो. नियम एकच, इंजिनाचा पिस्टन आणि स्लीव्ह जन्मापासूनचे असले पाहिजेत, बदललेले चालत नाहीत. पूर्वी त्यात बरीच मंडळी असायची. कोणाचं इंजिन झिजलं, कोणी बॅटरीच्या मोटारींकडे गेलं, आता हे दोघंच उरले होते. सेक्रेटरीला त्यांचा अर्धा तास बॅटरीवाल्यांसाठी हवाच होता. या वर्षी वर्ग भरला नाही, की तो पत्रकातून कायमचा जाणार.

"आणि मग आम्ही?" मामाने विचारलं.

"म्हणाला, तुम्ही दोघं अनुभवी आहात, फेऱ्या मोजायला बसा. तंबूत सावली असते म्हणाला."

मामाने आरसा उचलला, कापडाने पुसला आणि परत ठेवला. पेशंटला दात काढावा लागेल असं सांगण्याआधी तो असंच करतो. काकांनी खुर्ची ओढली आणि माझ्याकडे बघत म्हणाले, "तर मला तुझ्या मामाला हरवायचंय. त्यासाठी तो आधी पळायला पाहिजे. बोल, मी काय करू?"

"भिंग आणलंय?"

त्यांच्या खिशात ते कायम असतं.

मी पिस्टन मायक्रोमीटरवर मोजला. मागच्या वेळेचाच आकडा आला. नंतर स्लीव्हचं वरचं टोक आतून मोजलं. ते मोठं झालं होतं. मी दाबून जेवढं आकसवलं होतं, जवळपास तेवढंच परत उघडलं होतं.

"काका, आत बघा. घासल्याच्या रेघा दिसतात?"

काकांनी भिंग डोळ्याला लावलं आणि स्लीव्ह दिव्याकडे धरून हळूहळू फिरवली. "रेघ एकही नाही. क्रोम आरशासारखं आहे. पण इथे," त्यांनी नखाने दाखवलं, "धूर बाहेर पडतो त्या खिडकीपाशी एक तडा दिसतोय. केसासारखा."

"वाढलाय?"

"आधी कुठे पाहिला होता मी?"

मामा छाती पुढे काढून बसला. "घासलं नाही म्हणून सांगत होतो ना?"

"नाही घासलंस," मी कबूल केलं. "पण मग पितळ आतून ताणलं गेलंय. ते आपोआप ताणलं जात नाही. कोणीतरी ताणतंय."

"कोण? उंदीर?"

मला इतका राग आला होता की खरंच उंदीर निघाला असता तर बरं झालं असतं. पितळेला आतून ताणू शकेल अशी एकच वस्तू त्या इंजिनात होती, ती म्हणजे पिस्टन. पण पळताना पिस्टन वर क्षणभरच असतो, शिवाय तेव्हा सगळं तापलेलं असतं. पळताना ताण पडतच नाही. मग न पळताना?

"मामा, तू रोज काय करतोस ते पहिल्यापासून दाखव. काहीही गाळू नकोस."

"दाखवायचं काय त्यात?"

"दाखव."

मी पिस्टन आणि स्लीव्ह परत आत बसवले, वरचं झाकण मात्र मुद्दाम लावलं नाही. मामाने इंजिन हातात घेतलं आणि कोऱ्या चेहऱ्याने नाटक सुरू केलं. अंगणातल्या स्टँडवर लावतो. हेअर ड्रायर. इंधन. सुरू. पाच मिनिटं पळवतो. बंद. मग बसतो, चहा पितो.

"चहाच्या आधी काही?"

"काही नाही. पुसतो. ठिपका वर करतो. मग चहा."

बोलता बोलता त्याचा अंगठा फ्लायव्हीलवर गेला होता. फ्लायव्हीलच्या कडेला लाल नेलपॉलिशचा एक ठिपका होता. जुना, मामीच्या कुठल्यातरी बाटलीतला. अंगठ्याने तो ठिपका त्याने बरोबर वर आणला, चष्मा नाकावर सरकवावा इतक्या सहज, आणि हात काढून घेतला.

मी झाकण नसलेल्या इंजिनात वरून पाहिलं. पिस्टन स्लीव्हच्या अगदी तोंडाशी आला होता.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"ठिपका वर. म्हणजे पिस्टन खाली. इंजिन बंद केल्यावर पिस्टन खाली झोपवायचा. वर ठेवला तर थंड होताना पितळ त्याला आवळतं. हे तर कोणालाही..."

"मामा, आत बघ."

त्याने पाहिलं. काकांनी पाहिलं. मामी हात पुसत आली आणि तिनेही पाहिलं, जरी तिला त्यात काय बघायचं ते कोणी सांगितलं नव्हतं.

"हा वर का आहे?" मामा म्हणाला.

आता मला सगळं कळलं होतं आणि मला ते सांगायची जराही इच्छा नव्हती. पहिल्यांदा चावा बसवताना मी बेअरिंग धुवायला फ्लायव्हील काढलं होतं. ते काढायची गरज नव्हती, पण अर्धवट धुणं मला आवडत नाही. हे फ्लायव्हील एका चिरलेल्या शंकूवर नटने आवळून बसतं. त्याला खाच नाही, खूण नाही, कुठल्याही कोनात बसतं. मी बसवलं तसं ते बसलं.

"तू म्हणाला होतास, ठिपका पुसू नकोस," मी म्हटलं. "मी पुसला नाही. त्याच्या कडेकडेने साफ केलं. कापूस लावून."

"पुसला नाहीस, फिरवलास."

"तो कशाचा आहे ते तू सांगितलं नाहीस."

"तू विचारलं नाहीस."

"मला वाटलं, मामीने गंमत म्हणून लावलाय."

"मला गंमत म्हणून लावायला वेळ कुठे असतो," मामी म्हणाली.

"आणि तू," मी मामाला म्हटलं, "रोज सकाळी ते जाम असायचं, तेव्हा तुला एकदाही वाटलं नाही की हे का जाम आहे?"

"वाटलं ना. म्हणून तुला फोन केला. तू म्हणालीस, कडकच राहणार."

रोज संध्याकाळी तो तापलेल्या इंजिनाचा पिस्टन काळजीपूर्वक, नेमाने, सगळ्यात अरुंद जागी नेऊन ठेवत होता. रात्रभर पितळ त्याला आवळत होतं, स्वतः ताणलं जात होतं, सकाळी शेकून सुटत होतं. तक्रार त्याने केली होती आणि मी तिला उत्तर दिलं होतं, आकड्यासकट.

"झालं का दोघांचं?" काका म्हणाले. "आता रविवारचं बोला. अजून एकदा दाबता येईल का?"

"दाबता येईल. तडा उघडला तर क्रोम सुटेल, आणि सुटलेलं क्रोम पिस्टनला खरवडून काढेल. मग दोन्ही गेले."

"आणि नाही दाबलं तर?"

"तर तंबूत सावली असते."

मामा उठला, खिडकीपाशी गेला, परत आला. "दाब," तो म्हणाला.

*

शुक्रवारी सुट्टी काढून मी ते केलं. या वेळी मी पूर्वीइतकं आकसवायचं नाही असं ठरवलं. निम्म्याने थांबायचं. चावा हलका राहिला तरी चालेल, एक शर्यत निघाली पाहिजे. दर अर्ध्या आट्याला व्हाइस सोडायचा, स्लीव्ह काढायची, काकांना द्यायची. दुकान बंद करून ते माझ्या शेजारी स्टुलावर बसले होते. ते भिंगातून बघायचे आणि म्हणायचे, "आहे तसाच." परत अर्धा आटा. "आहे तसाच." शेवटी ते काही बोललेच नाहीत, तेव्हा मीच थांबले.

"वाढला?"

"वाढलाय की माझा हात हलतोय, ते ठरवतोय." त्यांनी कोपर टेबलावर टेकवलं. "हात हलत होता."

मी स्लीव्ह धुतली, कोरडी केली आणि खालून पिस्टन आत सरकवला. तोंडाच्या थोडा अलीकडे तो थांबला. अंगठ्याने ढकलल्यावर अडखळत वर गेला. पूर्वीसारखा दणकट नव्हता, पण चावा होता.

इंजिन जोडताना मी फ्लायव्हील परत काढलं. पिस्टन तळाशी नेला, ठिपका बरोबर वर धरला आणि नट आवळला. आता मामाची सवय आणि इंजिन एकमेकांशी जुळली. मला फार बरं वाटलं. इंजिन मामाकडे पोचवलं, एकदाच आणि थोडंच पळवून बघ म्हणून बजावलं, आणि घरी जाऊन आडवी झाले.

उन्हं उतरता उतरता फोन केला. "पळालं?"

"पळालं," मामा म्हणाला. आवाजात साखर होती. "काय पळालंय. आता पुसून ठेवलंय, चहा घेतोय."

"ठिपका?"

"खाली."

मी उठून बसले. "खाली का?"

"तू फ्लायव्हील उलटं बसवलंयस ना? मग आता ठिपका खाली म्हणजे पिस्टन खाली. मला काय एवढं कळत नाही? परवापासून पाठ करतोय मी. ठिपका खाली, ठिपका खाली."

"मामा, मी फ्लायव्हील सरळ केलंय."

पलीकडे कप बशीत आदळला.

"कधी?"

"आज. बसवताना."

"मला सांगितलं नाहीस."

"तू तुझं बदलणार आहेस हे तू मला सांगितलं नाहीस."

"अगं पण..."

"मामा, आधी वळव. गरम आहे तोवर वळव."

फोन कुठेतरी आदळला. मग मामीचा आवाज लांबून, "काय झालं? काय शोधताय? ड्रायर बाथरूममध्ये आहे." मग ड्रायरची घरघर. मग कोणीतरी मोठ्याने श्वास सोडला. मग मामीच फोनवर आली.

"वळलं गं. फार काही लागलं नाही, कोमटच होतं. आता जे वर होतं ते खाली आहे, आणि ठिपका वर आहे. की खाली असायला हवा?"

"वर, मामी."

"नक्की? कारण हे दोघं... तुम्ही दोघं म्हणजे..." वाक्य तिने सोडून दिलं. "थांब जरा."

कपाट उघडल्याचा आवाज आला. नेलपॉलिश काढायच्या द्रवाचा उग्र वास मला फोनमधून येणं शक्य नव्हतं, पण मामा पलीकडून "अगं, अगं" म्हणाला, तेव्हा तो आल्यासारखा वाटला.

"नेलपॉलिश माझं होतं," मामी म्हणाली. "मी पुसलं. आता अंगठ्याने बघा कुठे अडतं ते, आणि तिथून अर्धा फेरा पुढे जा. दोघं शिकलेले आहात ना?"

*

रविवारी वर्ग भरला. दोन नोंदी, दोन मोटारी, बघायला मी, मामी आणि घड्याळाकडे बघणारा सेक्रेटरी. शेजारी बॅटरीवाल्या मुलांची रांग आपली पाळी यायची वाट बघत उभी होती.

काकांची मोटार पहिली आली. मामाची दुसरी आली, अर्ध्या फेरीने मागे, शेवटच्या वळणावर जरा धापा टाकत, पण आली. बक्षिसं पहिल्या दोघांना होती, त्यामुळे मामालाही पदक मिळालं आणि ते त्याने शर्टाच्या खिशाला लावून टाकलं. पुढच्या वर्षीच्या पत्रकात हा वर्ग ठेवावा लागेल, हे सेक्रेटरीने मान्य केलं. म्हणजे तो "बघू" म्हणाला, आणि काकांनी त्याला तिथेच उभं करून पेनाने पुढच्या वर्षीची तारीख लिहायला लावली.

मामा मोटार मांडीवर घेऊन बसला. इंजिन तापलेलं होतं, चावा बोटाला जेमतेम लागत होता. डोळे मिटून त्याने अंगठ्याने फ्लायव्हील सावकाश फिरवलं, एका जागी थांबला, परत मागे आला, परत थांबला. मग अर्धा फेरा पुढे नेऊन हात काढला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "खाली आहे."

मी तपासलं नाही. तपासायचं होतं, पण मामी माझ्याकडे बघत होती.

तेवढ्यात काका आपलं इंजिन घेऊन आले. ते त्यांनी मोटारीतून काढलं होतं आणि रुमालात गुंडाळलं होतं.

"पुढच्या वर्षी याचं जमेल असं वाटत नाही," ते म्हणाले. "चावा पातळ झालाय. करून देशील?"

मी रुमाल सोडला. इंजिन चकचकीत होतं. काकांनी इतक्या वर्षांत ते मामापेक्षा नीट ठेवलं होतं. मी ते उलटंपालटं करून पाहिलं, आणि फ्लायव्हीलच्या कडेला मला एक निळा ठिपका दिसला.

"काका, हा कशाचा?"

"कुठला?" त्यांनी भिंग काढून बघितलं. "हा होय. हा असाच आहे."

"असाच म्हणजे?"

"आहेच तो. पहिल्यापासून. तू कर की, त्याने काय बिघडतंय?"

मामा मोठ्याने खोकला. मी इंजिन रुमालात परत गुंडाळलं, पायाने शेजारची खुर्ची ओढली आणि काकांसमोर ठेवली.

"बसा," मी म्हटलं. "बसा आणि आठवा."